व्यंगचित्रकार शंकर : न चावता खरे सांगणारा माणूस



गेल्या पावसाळ्यात आपल्या युवा संघाने चर्चच्या हॉलबाहेर भित्तिपत्रक लावले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्यात एक व्यंगचित्र होते. पॅरिश कौन्सिलची सभा चालली आहे, टेबलावर चहाचे रिकामे कप रचलेले आहेत, भिंतीवरच्या घड्याळाला कोळिष्टके लागली आहेत आणि सभेतला पहिलाच विषय अजून संपलेला नाही, असे ते चित्र. रविवारच्या मिस्सानंतर काही जण ते पाहून पोट धरून हसले. काहींना ते झोंबले. चित्रातल्या एका चेहऱ्यावरून माणूस ओळखू येत होता आणि त्यांच्या घरच्यांना वाईट वाटले. तिसऱ्या दिवशी भित्तिपत्रक खाली उतरवण्यात आले. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे चिठ्ठ्या येत होत्या. मुलांना शिस्त लावा, असे काहींचे म्हणणे होते. मुलांचे काय चुकले, असे काही विचारत होते.

या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. परंतु माणसाला हसत हसत खरे सांगावे की नाही, आणि सांगायचे तर कुठवर, हा प्रश्न घरातही येतो, चाळीतही येतो आणि देशाच्या कारभारातही येतो. ज्यांनी सारे आयुष्य याच प्रश्नाशी झुंजत घालवले, त्या एका थोर व्यंगचित्रकाराची ओळख आज आम्ही करून देत आहोत. त्यांचे नाव केशव शंकर पिल्लै. सारा देश त्यांना नुसत्या शंकर या नावाने ओळखत असे. त्यांच्या कामाची सुरुवात आपल्या याच मुंबईत झाली, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

झोपलेले मास्तर

शंकर यांचा जन्म ३१ जुलै १९०२ रोजी त्रावणकोर संस्थानातील कायमकुळम या गावी झाला. आज हे गाव केरळ राज्यात आहे. शाळेत असताना एकदा वर्गातच त्यांच्या मास्तरांना डुलकी लागली. शंकरने त्यांचे चित्र काढले. ते हेडमास्तरांच्या हाती पडले आणि ते संतापले. परंतु शंकरच्या काकांनी ते चित्र पाहिले तेव्हा त्यांना वेगळेच काही दिसले. या मुलाच्या हातात कला आहे, हे त्यांनी ओळखले आणि त्याला उत्तेजन दिले. एकाच चित्रासाठी एकाकडून बोलणी आणि दुसऱ्याकडून शाबासकी, हा अनुभव शंकर यांना पुढे आयुष्यभर येत राहिला.

शाळेनंतर मावेलिक्करा येथे राजा रविवर्मा यांच्या नावाने चालणाऱ्या चित्रशाळेत त्यांनी काही काळ धडे घेतले. नाटके, स्काउटिंग, लेखन या सगळ्यांत त्यांना रस होता. तिरुअनंतपुरमच्या महाराजा कॉलेजातून १९२७ साली ते पदवीधर झाले आणि त्या काळच्या अनेक होतकरू तरुणांप्रमाणे कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईला आले.

मुंबईतली पाच वर्षे

आपल्या आजोबा-पणजोबांकडून त्या मुंबईच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे पहाटेच वाजत. गिरगावच्या चाळींत एक वर्तमानपत्र दहा घरे फिरत असे आणि ज्याला वाचता येई तो इतरांना वाचून दाखवी. शंकर आले आणि काही महिन्यांतच, ३ फेब्रुवारी १९२८ रोजी, सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले. हिंदुस्थानचे भवितव्य ठरवायला आलेल्या या मंडळात एकही हिंदी माणूस नव्हता, म्हणून शहरभर काळी निशाणे दिसली. त्याच वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने कामावर गेले नाहीत. परळला दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची कचेरी होती आणि जवळच चाळीतल्या खोलीत त्यांचे बिऱ्हाड होते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि वडाळ्याच्या मिठागरांवर लोकांच्या झुंडी चालून गेल्या. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची लॉरी अडवताना काळबादेवीत बाबू गेनू चिरडला गेला.

असे दिवस असताना कायद्याच्या पुस्तकांत त्या तरुणाचे मन रमले नाही, यात नवल नाही. शंकर यांनी लॉ कॉलेज अर्धवट सोडले आणि नोकरी धरली. फावल्या वेळात ते चित्रे काढून वर्तमानपत्रांकडे धाडू लागले. बॉम्बे क्रॉनिकल आणि फ्री प्रेस जर्नल या दोन पत्रांनी ती छापली.

ही दोन्ही पत्रे साधीसुधी नव्हती. क्रॉनिकल हे सर फिरोजशहा मेहता यांनी १९१३ साली काढलेले पत्र. त्याचे संपादक बी. जी. हॉर्निमन हे इंग्रज असूनही हिंदुस्थानच्या बाजूने लिहीत, म्हणून सरकारने १९१९ साली त्यांना देशाबाहेर काढले. फोर्टमधले हॉर्निमन सर्कल त्यांच्याच नावाचे आहे. फ्री प्रेस जर्नल हे एस. सदानंद यांनी १९३० साली सुरू केले. त्या काळी सरकार वर्तमानपत्राकडून जामीन म्हणून रक्कम भरून घेई आणि मजकूर खटकला की ती जप्त करी. सदानंद यांनी ही झळ पुन्हा पुन्हा सोसली.

तेव्हाची चित्रे कशी छापली जात, हेही आमच्या तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. चित्रकार पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने चित्र काढी. त्याचा फोटो घेऊन जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने ब्लॉक तयार करीत. अशा ब्लॉकमध्ये रेघ एक तर काळी उमटे, नाही तर उमटतच नसे. म्हणून व्यंगचित्रकाराची रेघ ठाम असावी लागे. शंकर यांनी ब्रश आणि शाई घेऊन ही ठाम रेघ मुंबईतच कमावली.

व्यंगचित्रे मुंबईला नवीन नव्हती. पारशी पंच हे साप्ताहिक तर १८५४ सालीच निघाले होते आणि पुढे हिंदी पंच लोकप्रिय झाले. परंतु व्यंगचित्रकार म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीतला पगारी माणूस, असे आपल्याकडे तेव्हा फारसे कोणी मानत नसे.

दिल्लीचे बोलावणे

हे चित्र बदलले ते एका ख्रिस्ती संपादकामुळे. पोथन जोसेफ हे केरळच्या सिरियन ख्रिस्ती घराण्यातले गृहस्थ. त्यांनी तरुणपणी मुंबईत क्रॉनिकलमध्ये हॉर्निमनसाहेबांच्या हाताखाली काम केले होते. ते दिल्लीच्या हिंदुस्थान टाइम्सचे संपादक झाले, आणि १९३२ साली त्यांनी शंकर यांना मुंबईहून दिल्लीला नेऊन आपल्या पत्राचे कायमचे व्यंगचित्रकार नेमले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ४ जानेवारीला, गांधीजींना गावदेवीच्या मणिभवनातून अटक झाली होती. देश पुन्हा सत्याग्रहात उतरला होता.

दिल्लीत सत्तेच्या अगदी जवळ बसून शंकर रोज चित्र काढू लागले. व्हाइसरॉय, संस्थानिक, काँग्रेसचे पुढारी, मुस्लिम लीगचे पुढारी, यांपैकी कोणी सुटले नाही. लॉर्ड विलिंग्डन आणि लॉर्ड लिनलिथगो या व्हाइसरॉयांनाही त्यांच्या चित्रांची दखल घ्यावी लागली. पुढे शंकर यांना सुमारे चौदा महिने लंडनमध्ये राहून कलेचे शिक्षण घेण्याची संधी मिळाली. त्या प्रवासात त्यांनी बर्लिन, रोम, व्हिएन्ना, जिनिव्हा, पॅरिस ही शहरेही पाहिली.

लंडनमधला दुसरा एक चित्रकार

त्या काळी लंडनमध्ये डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराचा फार बोलबाला होता. मूळचा न्यूझीलंडचा हा माणूस १९२७ पासून इव्हनिंग स्टँडर्ड या पत्रात चित्रे काढीत असे. हिटलर आणि मुसोलिनी यांना तो अशा विदूषकी रूपात दाखवी की त्यांचा धाक वाटण्याऐवजी हसू यावे. हिटलरला ते सहन होत नव्हते. नोव्हेंबर १९३७ मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले, तेव्हा या चित्रांविषयी तिथे तक्रार झाली. परत आल्यावर हॅलिफॅक्स यांनी लो यांना हात जरा आवरता घेण्यास सुचवले. हे हॅलिफॅक्स म्हणजे दुसरे तिसरे कोणी नव्हेत, तर मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळचे आपले व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. लो यांनी काही दिवस हात आवरला, पण हिटलरने १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळला आणि पुन्हा तीच धारदार चित्रे येऊ लागली.

ही हकिकत आम्ही येथे मुद्दाम सांगत आहोत. व्यंगचित्रकाराला आवर घाल म्हणून सांगणारे नेहमीच असतात. परंतु कोण सांगतो आणि कशासाठी सांगतो, हे पाहिले पाहिजे. हिटलरला आपली सत्ता टिकवायची होती. शंकर यांना आवर घालायला सांगणारा माणूस मात्र अगदी वेगळा होता.

गांधीजींचे पत्र

हे घडले १९३९ साली. शंकर यांनी बॅरिस्टर जिना यांच्यावर चित्रे काढली होती. ती गांधीजींच्या पाहण्यात आली आणि त्यांनी शंकर यांना एक छोटे पत्र लिहिले. जिना हे गांधीजींचे राजकारणातले विरोधक. आपल्या विरोधकाची टर उडवली म्हणून कोणीही मनातून खूश झाला असता. गांधीजी खूश झाले नाहीत. कला म्हणून चित्रे चांगली आहेत, हे त्यांनी मान्य केले. मात्र ती अचूक नसतील आणि कोणाला न दुखावता विनोद करणारी नसतील, तर या धंद्यात वर जाता येणार नाही, असे त्यांनी बजावले. ज्या घटनेवर चित्र काढायचे तिचा नीट अभ्यास असला पाहिजे, चित्रात असभ्यपणा कधी नसावा, आणि थट्टा करावी पण ती चावरी नसावी, असा त्यांचा सल्ला होता.

विचार करा, वाचकहो. आपल्या शत्रूवर झालेला अन्याय दाखवून द्यायला किती मोठे मन लागते! आणि असे पत्र ज्याला आले त्याची अवस्था काय झाली असेल! देशातला सर्वांत मोठा माणूस सांगतो आहे की तुझी चित्रे चांगली आहेत, पण तेवढ्याने भागणार नाही. शंकर यांनी जिनांवर किंवा इतर कोणावर चित्रे काढणे सोडले नाही. ज्याच्यावर चित्र काढायचे त्याच्यावरही अन्याय होऊ नये, ही कसोटी मात्र त्या पत्राने त्यांच्यापुढे ठेवली.

नेहरूंचे मागणे

हिंदुस्थान टाइम्समध्ये शंकर १९४६ पर्यंत राहिले. देश स्वतंत्र झाल्यावर मे १९४८ मध्ये त्यांनी शंकर्स वीकली हे स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याचे प्रकाशन पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. त्या प्रसंगी नेहरूंनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. आपली गय करू नये, असे ते मागणे होते.

पंतप्रधानपदावर बसलेल्या माणसाने आपल्यावर टीका करणाऱ्याला असे सांगावे, हे आज आपल्याला गोष्टीतले वाटेल. नेहरू शंकर यांचे मित्र होते आणि शंकर यांनी मैत्रीला जागून खरोखरच त्यांची गय केली नाही. नेहरूंवर त्यांनी शेकडो चित्रे काढली. कधी ते सगळी कामे एकटेच ओढणारे, कधी गोंधळलेले, कधी स्वतःच्याच पक्षातल्या भांडणांनी बेजार झालेले असे दाखवले. पुढे ही चित्रे एकत्र करून पुस्तक निघाले, तेव्हा त्याला नाव दिले ते नेहरूंच्या त्या मागण्याचेच.

१७ मे १९६४ रोजी शंकर यांनी नेहरूंवर एक चित्र काढले. थकलेले, वाळलेले नेहरू हातात मशाल घेऊन अखेरच्या टप्प्यात धावत आहेत आणि मागून त्यांची जागा घेऊ शकणारी मंडळी पळत येत आहेत. त्यानंतर दहाच दिवसांनी, २७ मे रोजी, नेहरू वारले. त्या चित्रात थट्टा आहे का? आहे. पण ते पाहताना धावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबद्दल माया वाटते. गय न करणे आणि न चावणे ही दोन्ही व्रते एकाच चित्रात कशी पाळता येतात, हे पाहायचे असेल तर ते चित्र पाहावे.

गोगलगायीचे चित्र

परंतु शंकर यांचे प्रत्येक चित्र या कसोटीला उतरले काय? येथे आम्ही एक नाजूक विषय टाळणार नाही, कारण आपल्या दादर-परळ भागातल्या शेजाऱ्यांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

२८ ऑगस्ट १९४९ च्या सुमारास राज्यघटनेचे काम चालू होते आणि ते लांबल्याची कुरकुर होती. तेव्हा शंकर यांनी एक चित्र काढले. राज्यघटना म्हणजे एक गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागे चाबूक उगारलेले नेहरू. काम हळू चालले आहे, एवढेच दाखवण्याचा हेतू. पुढे २००६ साली हे चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घेतले गेले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत मोठा गदारोळ झाला आणि सरकारने ते काढून टाकण्याचे ठरवले. पाठ्यपुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कचेरीची मोडतोडही झाली. तेव्हा शंकर यांना जाऊन बावीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आम्ही या चित्राविषयी बराच विचार केला. चाबूक नेहरूंच्या हाती आहे तसा बाबासाहेबांच्याही हाती आहे आणि मारायचे आहे ते गोगलगायीला, असे एक बाजू म्हणते. ते खोटे नाही. परंतु ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर खराखुरा चाबूक सोसला, त्या समाजातल्या मुलाने पुस्तक उघडावे आणि आपल्या बाबासाहेबांच्या मागे चाबूक उगारलेला माणूस पाहावा, तर त्याच्या मनाला काय होईल? हेही खोटे नाही. शिवाय घटनेचे काम खरेच रेंगाळले होते काय, हा प्रश्न उरतोच. एवढ्या मोठ्या देशाची घटना तीन वर्षांच्या आत पुरी झाली आणि तिच्या मसुद्याचे ओझे प्रकृती ठीक नसताना बाबासाहेबांनी वाहिले. घटनेचा नीट अभ्यास करून मगच चित्र काढावे, हा गांधीजींचा सल्ला येथे शंकर यांच्याकडून पुरा पाळला गेला नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून कचेऱ्या फोडणे योग्य ठरत नाही. चित्राला उत्तर चित्राने द्यावे, शब्दाने द्यावे, मोडतोड करून देऊ नये.

थोर माणसाच्या आयुष्यातही चूक असू शकते. ती लपवून त्यांचे चरित्र सांगितले, तर शंकर यांनाच ते आवडले नसते.

साप्ताहिक बंद झाले

जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. छापण्यापूर्वी मजकूर सरकारी अधिकाऱ्याला दाखवावा लागे. शंकर तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. ज्या नेहरूंनी गय करू नका म्हणून सांगितले, त्यांचीच कन्या इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या. शंकर्स वीकलीचा शेवटचा अंक ३१ ऑगस्ट १९७५ रोजी निघाला आणि सत्तावीस वर्षे चाललेले साप्ताहिक बंद झाले. निरोपाच्या लेखात शंकर यांनी कोणावर आगपाखड केली नाही. हुकूमशाहीला हसणे परवडत नाही, कारण लोक हुकूमशहालाच हसतील, आणि म्हणूनच हिटलरच्या राज्यात चांगला विनोद किंवा चांगले व्यंगचित्र निपजले नाही, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. तरुणपणी बर्लिन पाहून आलेल्या माणसाचे हे बोल होते.

गुळगुळीत, निरुपद्रवी चित्रे छापून साप्ताहिक चालू ठेवता आले असते. अनेकांनी तेव्हा तडजोड केली. शंकर यांनी गप्प बसणे पत्करले, पण खोटे हसणे पत्करले नाही. १९७६ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. परंतु बंद झालेले साप्ताहिक पुन्हा निघाले नाही.

मुलांचे शंकर

शंकर यांचे आणखी एक रूप सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होणार नाही. दिवसभर पुढाऱ्यांचे ढोंग पाहणाऱ्या या माणसाला मुलांचा फार लळा होता. १९४९ साली त्यांनी मुलांसाठी आंतरराष्ट्रीय चित्रकला स्पर्धा सुरू केली. जगभरातली मुले तिच्यासाठी चित्रे पाठवू लागली. मुलांना चांगली आणि स्वस्त पुस्तके मिळावीत म्हणून त्यांनी १९५७ साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट ही संस्था काढली. हंगेरीच्या राजदूताने भेट दिलेल्या एका बाहुलीपासून त्यांना बाहुल्या जमवण्याचा छंद लागला आणि १९६५ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभे राहिले. देशोदेशीच्या हजारो बाहुल्या तिथे आहेत. आपल्यापैकी कोणी मुलाबाळांना घेऊन दिल्लीला गेले, तर ते जरूर पाहावे.

त्यांच्या साप्ताहिकात अनेक तरुण चित्रकार घडले. अबू अब्राहम आणि ओ. व्ही. विजयन ही त्यांतली दोन मोठी नावे. मुंबईत ज्या फ्री प्रेस जर्नलने शंकर यांची चित्रे छापली, तिथेच पुढे आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे यांनी चित्रे काढली. आपल्या ओळखीचे लोटलीचे मारिओ मिरांडा मुंबईतच नावारूपाला आले. शंकर यांनी वाट मोकळी करून दिली नसती, तर वर्तमानपत्रात व्यंगचित्रकाराला इतक्या लवकर मानाची खुर्ची मिळाली नसती.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १९८९ रोजी, शंकर यांचे दिल्लीत निधन झाले. ते ८७ वर्षांचे होते.

आपल्यासाठी

शंकर यांच्या आयुष्यात दोन सल्ले दिसतात. एक नेहरूंचा, गय करू नका असा. दुसरा गांधीजींचा, चावू नका असा. नीट पाहिले तर पहिला सल्ला ज्याच्यावर टीका होते त्याने देण्याचा आहे आणि दुसरा टीका करणाऱ्याने ऐकण्याचा आहे. आपण बहुतेक वेळा उलट करतो. आपल्यावर कोणी बोलले की त्याने सौम्य बोलावे, अशी आपली अपेक्षा असते आणि दुसऱ्यावर बोलायची वेळ आली की आपण कोणाची गय करीत नाही.

पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली संत फ्रान्सिस द सेल्स यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. हे संत आपले म्हणणे कागदावर लिहून लोकांच्या दारांखालून आत सरकवीत आणि त्यांच्या लिहिण्यातला गोडवा विरोधकांनाही जाणवे. सत्य सोडायचे नाही आणि माणूसही तोडायचा नाही, हीच त्यांची रीत होती.

आता पुन्हा आपल्या हॉलबाहेरच्या भिंतीकडे येऊ. युवा संघातील मुलामुलींशी आम्ही बोललो. सभा लांबतात हे त्यांचे म्हणणे खरे आहे, हे कौन्सिलच्या काही सभासदांनीही मोकळेपणी मान्य केले. मात्र तो एक चेहरा नेमक्या माणसाचा काढायची गरज होती का, यावर मुले स्वतःच विचारात पडली. ज्या गृहस्थांचा तो चेहरा होता, ते वर्षानुवर्षे सभेला सर्वांत आधी येऊन खुर्च्या मांडतात आणि सर्वांत शेवटी दिवे बंद करून जातात, हे चित्र काढणाऱ्या मुलाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर चित्र वेगळे झाले असते, असे तोच म्हणाला. नंतर तो त्यांच्या घरी जाऊन आला.

येत्या महिन्यात नवे भित्तिपत्रक लागणार आहे. त्यात व्यंगचित्र असावे असा आमचा आग्रह आहे आणि पहिले चित्र या पत्रिकेच्या संपादक मंडळाचे असावे, असे आम्ही मुलांना कळवले आहे. आमच्या छपाईच्या चुका, आमचे लांबलचक लेख आणि आम्ही दर वेळी उशिरा देतो ते अंक, हे सगळे विषय खुले आहेत. ते चित्र तीन दिवसांत उतरवले जाणार नाही, एवढा शब्द आम्ही देतो.

आपले,
संपादक मंडळ